सारा, सरपण आणि शाळा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याने सोळा रुपये सारा भरला की त्याच्याकडून सतरावा रुपयाही घेतला जाई. हा लोकल फंड, रुपयामागे एक आणा. १८६३ च्या सुमारास तो सरकारी हुकमाने सुरू झाला आणि १८६९ च्या कायद्याने पक्का झाला. त्यातले दोन हिस्से रस्ते आणि इतर स्थानिक कामांसाठी, तिसरा हिस्सा शाळांसाठी. म्हणजे त्या सतराव्या रुपयातले ५ आणे ४ पै पोरांच्या शिक्षणाला. कागदावर योजना मुळीच वाईट नव्हती. खुद्द इंग्लंडात शाळेसाठी स्थानिक पट्टी बसवायला १८७० साल उजाडले.

गोम होती ती पट्टी कोणावर बसली यात. ती साऱ्याच्या शेपटीला बांधलेली होती, म्हणून ज्याची जमीन त्यानेच ती भरायची. गावातला सावकार, तालुक्याचा वकील, कचेरीतला कारकून, पेठेतला अडत्या यांना लोकल फंडाची झळ लागत नसे. प्राप्तिकर तर कधी असे, कधी नसे. तो कायमचा बसला १८८६ मध्ये. शिवाय सारा वाढला की पट्टी आपोआप वाढे. १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात तीस वर्षांची मुदत संपून फेरपाहणी झाली, आकार चढले आणि त्यांच्यामागोमाग शाळेची पट्टीही चढली. शाळा मात्र वाढलीच असे नाही. सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या उद्रेकाची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला, कर्जाचे आकडे काढले, साऱ्यावर वाद घातला. शाळेच्या त्या ५ आणे ४ पैंचे काय झाले, हा प्रश्न विचारायला आणखी सात वर्षे जावी लागली.

दरम्यान मुंबईत शिक्षणासाठी पैशाचा पूर आला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद या दलालाने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसह अर्धी मुंबई बुडाली. दिलेले दान मात्र शाबूत राहिले. आईच्या नावाने बांधलेला तो राजाबाई टॉवर १८७८ च्या नोव्हेंबरात पुरा झाला. कापूस पिकवणाऱ्याच्या वाट्याला त्या तेजीतून आले ते चढलेल्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज. टॉवरच्या पायथ्याशी शिकायला येणाऱ्यांत त्याचा मुलगा शोधून सापडला नसता.

१८७८ हे साल तसे लक्षात ठेवण्याजोगे. मार्चमध्ये देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा आला. त्याच वर्षी हत्यारबंदीचा कायदा झाला, आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याच्या हाती गोफणच उरली. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा त्याच वर्षीचा, आणि हिंदुस्थानचा जंगल कायदाही त्याच वर्षीचा. भर म्हणजे डेहराडूनला जंगल खात्याच्या नोकरांना शिकवणारी शाळाही १८७८ मध्येच निघाली. जंगल राखणाऱ्यांसाठी सरकारला शाळा काढता आली. जंगलात राहणाऱ्यांसाठी ती काढायला त्याला घाई नव्हती.

जंगलावर सरकारचा डोळा आधीपासून होता. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधायला साग लागे, त्यासाठी डांगची राने १८४२ पासूनच भाडेपट्ट्याने घेतलेली होती. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन हे इलाख्याचे पहिले जंगल अधिकारी झाले. पण खरा तडाखा दिला आगगाडीने. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, दहा वर्षांत ती बोरघाट चढून गेली. रुळांखाली एका मैलाला दोन हजारांच्या आसपास लाकडी स्लीपर लागत, आणि ते काही वर्षांत कुजले की पुन्हा नवे. ठाण्याची आणि कारवारकडची राने उघडी पडू लागली तेव्हा सरकारला रान वाचवण्याची निकड भासली. ही निकड खोटी नव्हती, हेही म्हटले पाहिजे. उघड्या डोंगरावरून माती वाहून जाते हे गिब्सनसारख्या माणसांना दिसत होते. फक्त रान कोणी संपवले याचा हिशेब मांडताना रेल्वेचे आणि गोदीचे खाते बाजूला ठेवले गेले आणि सारा दोष शेळीवर, कुऱ्हाडीवर आणि राबावर आला.

राब म्हणजे काय ते कोकणच्या माणसाला सांगायला नको. भाताचे रोप टाकायचे त्या तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीचे टहाळ, त्यावर गवत-पेंढा, वर मातीची पातळ चादर, आणि पावसाआधी हे सगळे धुमसत भाजायचे. तणाचे बी जळते, राखेचे खत होते, माती भुसभुशीत होते आणि पहिल्या सरींनंतर रोप दाट उठते. टहाळ तोडताना शेतकरी झाड मारत नाही; फांद्या छाटतो, दोन-तीन वर्षांनी त्या पुन्हा फुटतात. जंगल खात्याच्या दृष्टीने मात्र छाटलेला ऐन म्हणजे इमारती लाकडाचा खुंटलेला ओंडका. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि गावची अशा तीन वर्गांत राने पाडली. संरक्षित म्हणून नोंदलेले रान पुढे राखीव होत गेले आणि गावच्या रानाचा वर्ग बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पुस्तकातच राहिला. टहाळाला परवानगी, सरपणाच्या मोळीला पास, चराईला फी. या सगळ्यांवर दहा-बारा रुपये पगाराचा जंगलचा शिपाई, आणि त्याची मर्जी राखायला कोंबडी.

गुरे राखीव रानात शिरली तर कोंडवाडा. १८७१ चा गुरे कोंडण्याचा कायदा त्यासाठी तयारच होता. दंड भरल्याखेरीज बैल सुटत नसे, आणि ऐन पेरणीत बैल कोंडवाड्यात म्हणजे हंगामच गेला. याचा परिणाम शाळेवर कसा झाला असेल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. रान मोकळे असताना गुरे सोडून देता येतात, संध्याकाळी ती आपसूक परततात. राखीव रानाची हद्द गावाला येऊन भिडली की गुरामागे राखण्या लागतो, आणि राखण्या म्हणजे घरातले आठ-दहा वर्षांचे पोर. मास्तरच्या हजेरीपटावर ज्याच्या नावापुढे रेघ पडे, ते पोर कोंडवाड्याचा दंड वाचवत डोंगराच्या कडेला उभे असे.

मोहाच्या झाडाचीही तीच गत झाली. होळीनंतर पहाटे मोहाची फुले गळतात. कातकरी, वारली, ठाकूर बायका ती वेचून वाळवत. घरात धान्य संपले की तीच उकडून खात, आणि दारूही गाळत. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरोघरच्या भट्ट्या बंद झाल्या, गाळण्याचा मक्ता मोठ्या भट्ट्यांकडे गेला. मुंबईच्या समोर खाडीपलीकडे उरणला पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या. तिथे मोह यायचा तो गुजरातेतल्या पंचमहालासारख्या भागांतून, आगगाडीने. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला आणि दारातल्या झाडाखालची फुले साठवणे हाच गुन्हा ठरला. दूरच्या मोहाची दारू उरणला गाळायची, तिच्यावर सरकारने कर घ्यायचा आणि ती दारातल्या मोहाच्या मालकाला विकत घ्यायला लावायची, अशी ही साखळी होती. हा अबकारी पैसा पुढे शाळेच्या दारात येऊन उभा राहणार होता, पण तेव्हा ते कोणाच्या गावी नव्हते.

शाळा आणि रान या दोन तक्रारी एकाच माणसाची तक्रार आहे, हे त्या काळात सर्वांत स्पष्ट पाहिले ते जोतीराव फुले यांनी. त्यांना ते दिसले यात त्यांच्या धंद्याचा वाटा मोठा. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणारे फुले सगळ्यांना ठाऊक आहेत; कंत्राटदार फुले थोडे मागे पडतात. खडकवासल्याचे धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधले गेले तेव्हा त्या कामाला त्यांनी दगड पुरवला. मांजरीला त्यांची शेती होती. म्हणजे इंजिनियर खाते पाणी कसे अडवते, कालव्याचे पाणी कोणत्या उसाला पोचते आणि कोणाच्या बांधावर अडते, हे त्यांनी हिशेबाच्या वहीसकट पाहिले होते. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, त्यामुळे सरकारी पैसा कसा फिरतो हेही त्यांना परके नव्हते.

१८८२ च्या फेब्रुवारीत लॉर्ड रिपनने विल्यम हंटरच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्याच्यापुढे निवेदन ठेवले. सरकारच्या तिजोरीत जे येते त्यातला मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. वरच्या आणि धनिक वर्गांचा त्यात नावापुरता वाटा. आणि खर्च मात्र त्यांच्याच मुलांच्या उच्च शिक्षणावर. हा मुद्दा इतका साधा आहे की तो मांडायला तोवर कोणी का धजले नव्हते याचेच नवल वाटावे. इलाख्यातल्या सुमारे नऊ-दशांश गावांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, जवळपास दहा लाख मुले त्यामुळे बाहेर आहेत, असे त्यांनी नोंदवले. शेतकऱ्याची मुले शाळेत का येत नाहीत याचे कारण देताना त्यांनी गुरे राखणे आणि शेत राखणे याचे नाव स्पष्ट घेतले आणि शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत म्हणजे आईबाप मुलाला मोकळे करतील, असे सुचवले.

उपायही त्यांनी वाऱ्यावर सोडले नाहीत. लोकल फंडाचा एक तृतीयांश नव्हे तर निम्मा भाग शाळांना द्या. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा. मास्तर शेतकरी वर्गातले तयार करा, त्यांना किमान बारा रुपये पगार द्या, मोठ्या गावात पंधरा-वीस. अभ्यासात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आणि शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान. यातला मोडीचा आग्रह मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सावकाराचे खत मोडीत असे, कुलकर्ण्याचे दफ्तर मोडीत असे. बाळबोध वाचता येणारा पण मोडी न येणारा मुलगा पोथी वाचू शकला असता, स्वतःच्या कर्जाचा कागद नव्हे.

त्याच काळात ते ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. पहिले दोन भाग ‘दीनबंधु’त छापून आले, पुढचे छापायची संपादकांची छाती झाली नाही, पुस्तक जुलै १८८३ मध्ये लिहून पुरे झाले. त्यात रानावर जे लिहिले आहे ते आजच्या पर्यावरण चळवळीच्या पत्रकापेक्षा जास्त रोखठोक आहे. पूर्वी अल्पभूधारक शेतकरी आसपासच्या रानातला पाला, फुले, फळे, लाकूडफाटा विकून आणि गायरानात दोन-चार गुरे, शेळ्या पाळून तग धरत असे; जंगल खात्याने डोंगर, दऱ्या आणि पडीक माळ यांच्यासकट गायराने त्या खात्यात ओढली आणि गरिबांच्या शेळ्यांना हवा खायलाही जागा उरली नाही, असा त्यांचा आरोप. डोंगरावरचा कुजलेला पाला, गवत, मेलेल्या किड्यामुंग्यांचे सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरून जमीन कसदार होत असे, ही गोष्ट त्यांनी शेतकऱ्याच्या नजरेने टिपली. मग उपाय: ठिकठिकाणी ताली, बंधारे अशा रीतीने घाला की पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल, आणि हे काम बसून खाणाऱ्या लष्कराकडून व पोलिसांकडून करून घ्या. महाराष्ट्रात पाणलोट हा शब्द सरकारी योजनांत येण्याआधी शंभर वर्षे हे लिहिले गेले. त्यांनी सुचवलेल्या पलटणींच्या कामावर त्या काळच्या कलेक्टरांची काय मुद्रा झाली असेल याची कल्पना करवत नाही.

पुण्यातले बाकीचे पुढारी गप्प होते असे नाही. सार्वजनिक सभेने जंगल कायद्याच्या जाचाबद्दल आवाज उठवला, ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाला पर्याय आहे का हे पाहायला सरकारी प्रयोगही झाले. राखेशिवाय रोप तितकेसे जोमाने येत नाही हे शेतकरी जे पिढ्यान्‌पिढ्या सांगत होता ते सरकारला प्रयोग करून कळले. काही सवलती मिळाल्या, कायद्याचा सांगाडा तसाच राहिला. पण रानासाठी पुढे येणारी हीच मंडळी शाळेचा विषय निघाला की हात आखडता घेत. १८८५ च्या जानेवारीत पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले ते देशी मंडळींच्या जिद्दीवर आणि संस्थानिकांच्या देणग्यांवर. नाव दिले गव्हर्नरचे. ती जिद्द खरीच होती, त्यातून महाराष्ट्राला मोठी माणसे मिळाली. पण निम्म्या लोकल फंडासाठी तितकी जिद्द कोणी दाखवली नाही.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली. व्हिक्टोरिया राणीचा हा मुलगा तेव्हा मुंबईच्या फौजेचा सेनापती होता. जडजवाहीर घातलेल्या पाहुण्यांत फुले आले ते फाटका शेतकरी वेष करून. द्वारपालाने त्यांना अडवल्याचीही गोष्ट सांगतात. आत गेल्यावर त्यांनी भाषण केले: इथे बसलेल्यांवरून हिंदुस्थानच्या प्रजेची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, राणीला जाऊन सांगा की तिची एकोणीस कोटी प्रजा अक्षरशून्य आहे. सत्तेला तिच्याच ताटावर बसून हिशेब मागणे, हा प्रकार मराठी सार्वजनिक जीवनात पुन्हा फार वेळा घडलेला नाही.

हंटर आयोगाने काय केले? प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवाव्यात अशी शिफारस केली. १८८४ च्या कायद्याने तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डे आली. मतदाराला मालमत्तेची अट होती, अध्यक्ष बहुधा कलेक्टरच. ज्याच्या पट्टीवर शाळा चालायची त्याचे बोर्डात मत नाही, आणि ज्याचे मत आहे त्याच्या मुलाला गावची शाळा नकोच, अशी ती रचना.

पुढची पंचवीस वर्षे घाईने ओलांडली तरी चालण्यासारखी आहेत. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. फार सावध होते ते: सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, आणि तेही ज्या नगरपालिकेला किंवा बोर्डाला हवे तिथेच. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने, दोन तृतीयांश सरकारने द्यायचा. महिना दहा रुपयांखाली कमाई असलेल्या पालकाला फी माफ. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. सरकारी सभासदांबरोबर बड्या जमीनदारांनीही विरोधात हात वर केले. शेतमजुराचा मुलगा शाळेत गेला तर शेतात कोण, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. संस्थानात मात्र एका माणसाची इच्छा पुरे असते. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश मुलखात १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला, तोही नगरपालिकांच्या मर्जीवर. १९२० मध्ये पुण्यात त्यावरून वादळ उठले: सक्ती मुलांपुरती की मुलींनाही? रमाबाई रानडे मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. विरोधकांचे एक मुख्य कारण होते पैसा नाही.

पैसा कुठून येणार हे १९२१ मध्ये नव्या राज्यकारभाराने ठरवून टाकले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांत खात्यांची वाटणी झाली. पोलीस, जमीन महसूल, खजिना गव्हर्नरच्या हाती. शिक्षण आणि अबकारी हिंदी मंत्र्यांकडे. जंगल खाते मंत्र्यांकडे दिले गेले ते देशात फक्त मुंबई आणि ब्रह्मदेश या दोन प्रांतांत. वरवर मोठे औदार्य दिसते. पण मंत्र्याच्या हातातल्या खात्यांत पैसा मिळवणारे मोठे खाते एकच, ते म्हणजे दारूचे. आणि पैसा खाणारे मोठे खातेही एकच, ते म्हणजे शाळेचे. रँग्लर परांजपे पहिले शिक्षणमंत्री झाले, त्यांच्या काळात १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. दारूबंदी मागणारा आमदार आणि शाळा मागणारा आमदार बहुतेक वेळा एकच असे, आणि त्याच्या एका मागणीने दुसरीचे पैसे कापले जात. सरकारला याहून सोयीची वाटणी सुचली नसती.

हा पेच आकड्यांत पकडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२७ च्या फेब्रुवारीत ते मुंबई कायदेमंडळात नियुक्त सभासद म्हणून आले होते. १२ मार्चला शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर ते बोलले. हा प्रांत शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतो, आणि दारूतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करतो. निदान जितके दारूत घेता तितके शिक्षणात परत द्या, इतकीच त्यांची मागणी. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवले. आणि या वेगाने सगळी मुले शाळेत यायला ४० वर्षे आणि सगळ्या मुली यायला ३०० वर्षे लागतील, असा हिशेब वाचून दाखवला. फुल्यांनी सारा आणि शाळा यांचे नाते दाखवले होते. आंबेडकरांनी दारू आणि शाळा यांचे दाखवले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत भरणारा माणूस तोच राहिला होता, खिशाचे नाव बदलले होते.

त्या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात. वस्तुतः शाळा आणि तळे एकाच ठरावात एकत्र आले होते. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदेमंडळात मंजूर करून घेतलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि त्यांच्याचबरोबर सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे कागदावर लिहिलेही. शाळेचे दार आणि तळ्याची पायरी दोन्ही सार्वजनिक पैशाची, दोन्ही कागदावर उघडी आणि प्रत्यक्षात बंद.

महाडपासून उत्तरेला, उरणच्या त्या भट्ट्यांपासून काही मैलांवर चिरनेर आहे. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाला समुद्रकिनारा लागे. घाटावर आणि डोंगरात मीठ नाही, जंगल आहे, म्हणून तिथे लोकांनी जंगल कायदा मोडला. पुसद, बागलाण, संगमनेर, बिळाशी अशी ठिकाणे त्या पावसाळ्यात पेटली. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कोळी, कातकरी, शेतकरी कोयते घेऊन जमले. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही मारले गेले, गोंधळात मामलेदारही मेला. इतिहासात ही घटना स्वातंत्र्यलढ्याच्या यादीत बसवली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण कोयता उचलणाऱ्यांच्या घरात बावन्न वर्षांचा मोळीचा, टहाळाचा आणि कोंडवाड्याचा हिशेब साचलेला होता.

१९३७ च्या जुलैत मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. खेरांनी शिक्षण खाते स्वतःकडे ठेवले. काँग्रेसने दारूबंदीचे वचन दिलेले, आणि शाळा वाढवण्याचेही. म्हणजे तोच पेच, फक्त आता खुर्चीत आपली माणसे. गांधींनी ‘हरिजन’मधून याच सुमारास खंत मांडली की मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या उत्पन्नावर विसंबावे लागावे हे क्रूर विडंबन आहे. त्यांचा उपाय ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत पुढे आला: हस्तोद्योगातून शिक्षण, ज्यात मुलांच्या कामातून शाळेने आपला खर्च जमेल तितका भागवायचा. कल्पनेत शिक्षणाचा एक खोल विचार आहे यात शंका नाही. पण जमाखर्चाच्या बाजूने पाहिले तर सारा भरणाऱ्या बापाकडून आणि दारू पिणाऱ्या काकाकडून सरकलेला भार आता टकळी फिरवणाऱ्या पोराच्या हातावर यायचा होता. टीकाकारांनी हे तेव्हाच बोलून दाखवले.

खेरांच्या मंत्रिमंडळाने मग एक वेगळी गोष्ट केली, जी आधीच्या पाऊणशे वर्षांत कोणी केली नव्हती. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली, आणि तिने पडणारा खड्डा भरायला शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसवला गेला. शेतावर नाही, मोळीवर नाही, मोहाच्या फुलावर नाही, गिरगाव-फोर्टातल्या इमारतींवर. आरोळी उठायला वेळ लागला नाही. दारूचा व्यापार आणि शहरातली घरे या दोन्हींत पारशी समाजाचा वाटा मोठा होता, त्यांना दोन्ही बाजूंनी मार बसला. सभा झाल्या, निवेदने गेली. सारा भरणाऱ्याची कैफियत सरकारदरबारी पोचायला जिथे दशके लागली होती, तिथे घरमालकांची काही महिन्यांत उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे पोचली. सर बैरामजी जीजीभॉय यांनी प्रांतिक सरकारला असा कर बसवण्याचा अधिकारच नाही, असा दावा केला. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये खेरांचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले होते. १९४० मध्ये न्यायालयाने दारूबंदीच्या हुकमातली कायदेशीर त्रुटी दाखवली आणि बंदी ढिली पडली. कराविरुद्धचा दावा मात्र फेटाळला गेला, आणि गव्हर्नरचे सरकार दारूचे उत्पन्न आणि घरमालकांचा कर अशी दोन्ही बिले वसूल करू लागले.